डाव्या मुठीतले चिंचोके

—तर मग तुमीच सांगा पाव्हणं, माणसानं भरवसा ठेवावा तर कुणावर? बायकोच्या हातावर का कुकरच्या शिट्टीवर? न्हाय, न्हाय, घाईनं बोलू नका, तुमी आज पंच हाय. या, गाडीत वर या, डोकं जपून — लागलंच का? सगळ्यांना लागतं. मला दोनदा लागलंय, आणि गाडी माझी. बसा. एस.टी.ची फिकीर सोडा, या तेर गावाहून धाराशिवला दिवसभर गाड्या हायत. हे घ्या चिंचोके, याच झाडाखालचे. माझ्या कुकरची शिट्टी झाली की एक डाव्या मुठीत. बाहेर तिची भाकर तव्यावर पडली की एक उजव्या मुठीत. माझ्या तीन शिट्ट्या आधी का तिच्या धा भाकरी आधी, एवढंच बघायचं. रस्त्यानं येईल तो पहिला माणूस पंच, असं तिनंच ठरवलं. म्हणजे पहिला एक शेळ्यावाला आला होता, पण दोन वाक्यांत तो तिच्या माहेरचा निघाला. म्हणलं, तू बाद.

मी नानासाहेब. आपल्या धाराशिवकडच्या वाशीला बाजारात भांड्यांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण तीस वर्षं कुकर विकले, आणि कुकरचं दुखणं मी नुसत्या आवाजावर ओळखतो — रिंग सैल का झाकण वाकडं, डोळे मिटून सांगतो. एकदा एक सूनबाई रडत आली, म्हणली, मामा, तुमच्या कुकरला शिट्टीच होत न्हाय, सासू मला बोलती. मी कुकर हालवला, म्हणलं, बाई, डाळीत पाणी घालत जा. आजतागायत त्या घरातला चमचासुद्धा माझ्याच दुकानातनं जातो. शिजवायला? न्हाय हो, मी कशाला शिजवू? घोडे विकणारानं टांगा ओढावा लागतो व्हय? आज पहिल्यांदाच लावलाय. डाळ, पाणी, हळद — त्यात काय हाय एवढं!

औंदा दुकान पोराकडं दिलं आणि ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन घरगाडी बनवली. पलंग हाय, टाकी हाय, आणि हा ओटा बघा — हात फिरवा, फिरवा — शेगडी, सिलिंडर, खाली भांड्यांचा कप्पा. लोकांना कळत न्हाय हे काय हाय ते. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला थांबलो, तर एक म्हातारा सरळ आत आला, पलंगावर बसला आणि आ वासला. दातांच्या डॉक्टरची गाडी समजला! म्या म्हणलं, बाबा, हे घर हाय. तर म्हणतो, मग घरी बसूनच काढा, पण काढा. चहा पाजला तवा उठला. जाताना दाराबाहेर रांग लागलेली, सात माणसं, गालाला हात लावून.

तर आता मुद्द्याचं. बाहेर तीन दगड मांडून शिजवायचं म्हणजे वारं हाय, धूळ हाय, कुत्री हायत. आत काय हाय? वारं न्हाय, धूळ न्हाय. खिडक्या बंद केल्या की शेगडीची ज्योत हालत न्हाय. गरम होतंय? होणारच, थोडं सोसा, ते कॅलेंडर घ्या वारा घालायला. एक कबूल करतो, ठेचा आत करू नये. मागल्या महिन्यात म्या हिला चालत्या गाडीत मिरच्या परतायला लावल्या — लावल्या म्हणजे, हट्टच धरला. पुढं मी शिंकतोय, मागं ती शिंकतीय, गाडी या कडेची त्या कडेला. मागच्या ट्रकवाल्यानं काचेतनं धूर बघितला, ट्रक आडवा घातला, पाण्याची बादली घेऊन धावला आणि दार उघडून ती माझ्या अंगावर ओतली. ठेचा कोरडाच राहिला. चांगला झाला होता हो!

तवापासून तिनं आत स्वयंपाक बंद केला. पुतळाबाई नाव तिचं, पण पुतळ्यासारखी एक दिवस बसली न्हाय. गाडी थांबली की खाली उतरती, दगड मांडती, काटक्या गोळा करती, आणि अर्ध्या तासात चार बाया जमतात. कोण वांगी आणतं, कोण नुसतीच गप्पा मारतं. आणि मी हितं आत, एकटा, दोन खिडक्या आणि हा ओटा. तीस वर्षं मी गल्ल्यावर बसून चौघांत बोललो आणि ती मागं भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली. काल मला म्हणती कशी, "अवं, गाडी घेतली ती मला फिरवायला, का माझं सैपाकघर फिरवायला?" म्या नुसता हॉर्न वाजवला. म्या, पाव्हणं! म्या गिऱ्हाइकाला झाकणाशिवाय कुकर विकलाय!

म्हणून ही पैज. मी जिंकलो तर सैपाक पुन्हा आत, हरलो तर ओटा निघणार आणि तिथं बाकडं बसणार — तिच्या थोरल्या बहिणीसाठी. उमाबाई. तुमी ओळखत न्हाय, नशीबवान हाय. मागं वाशीहून तुळजापूरला आमच्याबरोबर आली, बोलायला लागली ती देवीच्या पायरीवर पाय ठेवला तवा दम घेतला. ती जन्मभर या गाडीत! मी पुढं चालवतोय आणि कानामागं उमाबाई! समजलं आता, शिट्टीला किती मोल हाय ते?

किती झाल्या भाकरी? सात? जरा जपून मोजा, दोनदा थापली तर एकच धरायची. फुसफुस? ती होऊ द्या. नवा कुकर हाय, लाजतो. बघा म्हणता? काय दिसतंय मला, चष्म्यावर वाफ धरली म्हणून खिशात ठेवलाय. वास? वासच तर यायला पाहिजे, वरण हाय ते. करपल्याचा कशाला? — आठवी पडली व्हय? बरं. पाव्हणं, जरा तोंड तिकडं करा. शीऽऽऽऽऽ! टाका, डाव्या मुठीत एक. असं बघू नका, कुकरच्या वतीनं मारली. दुकानदार मालाच्या वतीनं बोलत न्हाय का? शीऽऽऽऽऽ! ही दुसरी. अगं, दोन झाल्या गं! एकच राहिली!

काय म्हणतीस? ऐकू आल्या? मग! हातात काय धरलंयस ते? पाव्हणं, तुमाला दिसतंय का? काय? — शिट्टी? माझ्या कुकरची? सकाळी म्याच धुतला व्हय कुकर हापशावर… दगडावर राहिली असंल. आणि तू पदराला बांधून बसलीस तवापासून? "बघत होते, तुमी कुठवर वाजताय ते"? ऐकलं पाव्हणं? हसू नका, पंचानं हसायचं नसतं. आधी ती शेगडी बंद करा. झाकण राहू द्या, आतलं काय बघायचं.

डावी मूठ उघडा. ते दोन्ही द्या फेकून दारातनं. उजवीत किती, नऊ? मग अजून धा झाल्या न्हाईत! दहावी परातीत हाय, परातीतली धरत न्हाईत. अगं, दे ती शिट्टी इकडं, अजून — थापायचा आवाज थांबला का हो? पडली तव्यावर?

पडली.

टाका मग. उजवीतच टाका, माझ्याकडं काय बघताय? आणि बाहेर तिच्याजवळ जेवायला बसाल तवा, ती उमाबाईला फोन लावायच्या आत, पंच म्हणून तिला निकाल सांगा, धा भाकरी आणि शिट्टी एकबी न्हाय. हिशोब इमानदारीनं ठेवा, पाव्हणं.