चारशे बाराव्या पानावरची चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे मुख्य संपादक सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, कोशकार्यालयातले माझे सोबती आणि सुट्टीचा दिवस मोडून आलेले सगळे वाचक,

आज सकाळी साडेसहाला मी बांधणीच्या खोलीत डिंकाचा डबा उघडून बसलो होतो. समोर नव्या आवृत्तीच्या तीनशे प्रती होत्या. प्रत्येकीत एका ठरलेल्या पानावर एक छापील चिठ्ठी चिकटवायची होती. साडेदहाला काम संपलं. त्यांतल्याच प्रती आता तुमच्या मांडीवर आहेत. चिठ्ठी कसली, ते बोलता बोलता येईलच. डिंक अजून ओलसर असेल, तेव्हा पानं जपून उलटा.

मला सरांच्या गुणांविषयी बोलायला सांगितलं आहे. मी खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला माणूस, बावीस वर्षं सरांच्या हाताखाली मुद्रितं तपासतो आहे. माझ्यापुरता सरांचा मोठा गुण म्हणजे शिस्त. त्यांनी कार्यालयाला दोन शिरस्ते घालून दिले. पहिला असा, की नोंदीवर हरकत असेल तर ती कागदावर लिहायची आणि शनिवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची. सरांचं उत्तर येईपर्यंत खाली बसायचं नाही. कानाशी कुजबुजलेली हरकत सर ऐकूनच घेत नसत. दुसरा शिरस्ता असा, की प्रत्येक नोंदीखाली ती तपासणाऱ्याची आद्याक्षरं बारीक टाइपात छापायची. नोंद चुकली तर लोकांनी कुणाची मान धरायची, हे त्यावरून कळतं.

अरबी-फारसीच्या नोंदी आमच्याकडे उस्ताद बघायचे. नव्या मंडळींनी त्यांना पाहिलेलं नाही. सकाळी मशिदीत मुलांना कुराण शिकवायचे आणि दहाच्या ठोक्याला कार्यालयात हजर. डबा खाताना शेजाऱ्याला आधी विचारायचे आणि चूक दाखवताना माफी मागायचे. अशा माणसाचं कार्यालयात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दहा वर्षांपूर्वी ‘जुलकरनैन’ ही नोंद आली. कुराणात या राजाची गोष्ट आहे. तो सूर्य मावळतो तिथवर गेला, उगवतो तिथवर गेला, आणि गांजलेल्या एका लोकसमूहासाठी लोखंडाची, वितळलेलं तांबं ओतलेली भिंत त्यानं बांधून दिली. मोबदला देऊ केला तर म्हणाला, माझ्या परमेश्वरानं दिलंय ते पुष्कळ आहे. नावाचा अर्थ दोन शिंगांचा. हा राजा इतिहासातला कोण? सरांनी एका वाक्यात निकाल लावला होता : हा राजा म्हणजेच जगज्जेता सिकंदर. पुरावा काय, तर नाण्यांवर सिकंदराला शिंगं आहेत.

उस्ताद शनिवारी उभे राहिले. सिकंदर म्हणणारे जुने भाष्यकार आहेत, हे त्यांनी आधी प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. मग म्हणाले, पण ग्रंथातला राजा एका ईश्वरापुढे नमतो आणि सिकंदर स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेत होता. कुणी इराणचा सायरस म्हणतात, कुणी यमनचा राजा. ग्रंथानं नाव दिलेलं नाही. तेव्हा मतभेद आहेत, निश्चित सांगता येत नाही, एवढंच लिहावं.

सर म्हणाले, “उस्ताद, लोक कोश उघडतात ते उत्तरासाठी. निश्चित सांगता येत नाही, हे त्यांना घरबसल्या कळतं.”

सगळे हसले. विनोद चांगलाच होता, मला आजही आवडतो. उस्ताद पुढच्या शनिवारी उभे राहिले आणि त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, उस्तादांना शिंगं फुटायला लागली वाटतं.

साहेबाचा विनोद हा हाताखालच्याला हुकूमच असतो. चौथ्या शनिवारी मी रद्दीतल्या मुद्रितांची दोन शिंगं वळली आणि उस्तादांच्या खुर्चीच्या पाठीला बांधली. ते बसले तेव्हा शिंगं बरोबर त्यांच्या डोक्यावर आली. सरांनी हसून हसून चष्मा पुसला. उस्तादांनी मागे वळून पाहिलं, शिंगं सोडवली, उलगडली, मांडीवर सरळ केली. मग खिशातलं पेन काढून त्या कागदावर एक खूण केली आणि तो माझ्या हातात दिला.

“ही एक चूक तुझ्या नजरेतून सुटली होती, बेटा.”

पुन्हा हसू झालं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

नोंद सरांच्या शब्दांत छापायला गेली. खाली आद्याक्षरं कुणाची, असं मी विचारलं. सर म्हणाले, “त्यांचीच घाल. अरबी नोंदीखाली अरबी जाणणारा माणूस शोभतो.” आमचे गुरुजी सांगायचे, दुसऱ्याच्या पाटीवर लिहू नये. मी घातली.

कोश उस्तादांच्या वस्तीत पोचला. ज्या माणसाकडे मुलं कुराण शिकतात, त्यानंच मूर्तीपुढे वाकणाऱ्या राजाला ग्रंथात नेऊन बसवलं, अशी बोलवा झाली. एकेक बाप आपल्या मुलाला काढून घेऊन गेला. महिन्याभरात उस्तादांच्या समोरची चटई रिकामी. ते सरांच्या खोलीत आले, तेव्हा मी तिथंच होतो. नोंद राहू द्या, फक्त माझी अक्षरं काढल्याचं छापा, एवढंच मागत होते. सरांनी बसा म्हटलं नाही. “पुढच्या आवृत्तीत बघू,” म्हणाले. उस्तादांनी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

पुढची आवृत्ती यायला नऊ वर्षं लागली. गेल्या महिन्यात मी सरांना आठवण दिली. सर म्हणाले, “अरे, ते बारीक टाइप वाचतंय कोण?”

वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. यात तुमचं काही नाही.

परवा मी उस्तादांकडे गेलो. दृष्टी जवळजवळ गेली आहे. चिठ्ठीचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला, आणि शिंगं मीच वळली होती हेही सांगितलं. ते म्हणाले, ते ठाऊक होतं, घडी मुद्रितशोधकाची होती. मग चिठ्ठी बोटांनी चाचपून म्हणाले,

“चिठ्ठी लाव. पण समारंभ होऊन जाऊ दे. हारतुऱ्याच्या दिवशी कुणाचा पाणउतारा करू नये.”

उस्तादांचं बोलणं मी एरवी मोडलं नसतं. रात्रंदिवस विचार केला, देवापुढे उभा राहिलो. पण समारंभानंतर लावलेली चिठ्ठी म्हणजे पुन्हा कुजबूजच. आणि सरांना कुजबूज चालत नाही.

अध्यक्षमहाराज, पान चारशे बारा. चिठ्ठी अशी : “या राजाचे नाव ग्रंथात दिलेले नाही. तो कोण, याविषयी मतभेद आहेत. निश्चित सांगता येत नाही. मूळ नोंद मुख्य संपादकांची. तपासनिसाची त्या नोंदीस लेखी हरकत होती. त्यांची आद्याक्षरे त्यांच्या संमतीवाचून मी छापली.” खाली माझी आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव आहे. उरलेल्या प्रतींपैकी पन्नास मी येता येता मशिदीच्या दारात ठेवून आलो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. सरांना पुढचं आयुष्य निरोगी लाभो, हे मनापासून म्हणतो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर ते माझ्या पदरात घाला, उस्तादांच्या नको; त्यांच्या पदरात आम्ही पुष्कळ घातलं आहे.

सर, हरकत वाचून झाली. शिरस्त्याप्रमाणे, तुमचं उत्तर येईपर्यंत मी उभा आहे.