मानपत्रातली तिसरी ओळ

...नाही रे दीपक, ही तिसरी ओळ खोड. 'सरांचा प्रबंध हे कॉलेजचं भूषण' — कसलं भूषण, डोंबल! शाल द्या, नारळ द्या, गप घेईन; पण मानपत्रात प्रबंध नको. का म्हणजे? चुकीचा आहे म्हणून. असा बघतोस काय मेल्या, टोपोलॉजी माझ्याकडेच शिकलास ना — खाली एक जागा, तिच्या प्रत्येक बिंदूच्या वर दोन बिंदू. खालचं गणित वर न्यायचं, वरच्या दोन्हींची बेरीज करून परत खाली आणायचं — ती बेरीज म्हणजे ट्रान्सफर. खाली आल्यावर हातात काय? दुप्पट. मग मी दोनाने भागलं आणि लिहून टाकलं, मूळचं परत मिळालं. आणि प्रबंध ज्यांच्यावर उभा आहे त्या क्रिया, ती कोहोमॉलॉजी ऑपरेशन्स, चालतात कुठे? ज्या अंकगणितात दोन म्हणजे शून्य, तिथेच! शून्याने भागलंय मी, पान एकेचाळीसवर. परीक्षकांना दिसलं नाही. डिग्री मिळाली, बढती मिळाली, आता तुम्ही सत्कार करताय — करा.

दिसलं कोणाला? तुझ्या ताईला. एम.एस्सी.ची पोर, मिरजोळ्याहून एसटीने यायची — वही घेऊन इथेच बसली होती, तू बसलायस तिथे. "सर, इथे दोन शून्य होतात ना?" — आवाज एवढासा. मी म्हटलं, निशिगंधा, आधी अभ्यास वाढव. चारचौघांसमोर म्हटलं. आणि तेव्हाच तिला संशोधनाला चेन्नईला जायचं होतं, माझं शिफारसपत्र हवं होतं. लिहिलं की! चांगलं लिहिलं, खोटं कशाला बोलू — अशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही, तूसुद्धा नाहीस. फक्त पोस्टात टाकलं नाही. तिथे जाऊन ती पान एकेचाळीस कोणाला दाखवती तर? रोज म्हणायचो, उद्या टाकू. तारीख गेली. तिने विचारलं, तेव्हा सांगितलं — पाठवलं होतं, त्यांनीच नाकारलं असेल.

आता ती अलोऱ्याच्या शाळेत सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवते ना? तिच्यासारखी बाई... लाज वाटते रे मला. पाकीट अजून आहे त्या कपाटात, तिकीट लावलेलं.

काय झालं? बोल की. घरात कधी संशयही आला नाही तुम्हाला? मला वाटलं, इतक्या वर्षांत तिने ओळखलं असेल — ती हुशार होती...

अरे, उठलास का? चहा येतोय. मानपत्र ठेव इथे. दीपक — कपाटाला हात लावू नकोस. ते पाकीट नको नेऊस. दीपक —