चिंगीच्या पोटावरचा डंबा

माझं गाव तिकडं मेळघाटात, धारणीच्याही पलीकडं. पुलगावले मी आली ते मोठ्या बाईच्या घरी राहून काम कराले. मोठ्या बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, एकट्याच राहतात. मी चौथीतून शाळा सोडली, आमची बोली कोरकू, मराठी मले त्याईनंच शिकवली, भाजी निवडता निवडता. अन् काय सांगू तुम्हाले, पहिल्या दिवसापासून त्याईनं मले चहाचा कप वेगळा ठेवला नाई.

तर चिंगी त्याईचं मांजरीचं पिल्लू. बाई लेकीकडं नागपूरले गेलत्या अन् मागं चिंगी बिमार पडली. उलट्या, पातळ हगवण, खाणं बंद. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसून राहे पण पाणी काही पिए ना. पोट टम्म. फोन कराले पायजे होता ना मी, पण नाई केला. भेव वाटलं, म्हणतील एवढंसं पिल्लू सांभाळता येत नाई हिले. आमच्याकडं लेकराचं पोट फुगलं का विळा तापवतात अन् पोटावर चटके देतात, त्याले डंबा म्हणतात. माया डोक्यात दुसरं काही आलंच नाई. मी विळा गॅसवर धरला. चिंगी ओरडली नाई हो, ओरडाचा जोरच नव्हता तिच्यात.

बाई संध्याकाळी आल्या, पिल्लाले पाहलं अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपलीत घालून ऑटोनं जनावराच्या दवाखान्यात. मी संग होती, पण डंब्याचं तोंडातून निघालं नाई. तिथं सारे बैल, शेळ्या. एक बुवा शेळी धरून उभा होता, म्हणे काय वं, आता मांजरी बी नंबर लावून राह्यल्या का. डॉक्टर सायेबानं कापसाची काडी तिच्या शेपटीखाली फिरवली, पट्टीवर थेंब टाकला, म्हणे ही किट कुत्र्याची हाय पण मांजरीलेही चालते. दोन रेघा उमटल्या. म्हणे हा कुत्र्याच्या पार्वो रोगाच्या जातीचा रोग, मांजरीतून मांजरीत पसरते, माणसाले होत नाई. लस टोचली असती तर टळला असता. रोगाले मारणारं औषध नाई, सलाईन देऊ, उलटीचं इंजेक्शन देऊ, गरम ठेवा, तगली तर तगली.

मंग पोट दाबून पाहाले त्याईनं तिले उताणं केलं. सायेब म्हणे, हे कोणं डागलं?

सारा दवाखाना मायाकडं पाहून राह्यला. मी म्हटलं, म्या. सायेब म्हणे, आतून आतडं सोललं हाय तिचं अन् वरून तुम्ही भाजलं? शेळीवाला बुवा म्हणे, जाऊ द्या ना सायेब, आम्ही बी बैलाले डागतोच. तर सायेब म्हणे, तुम्हाले काय मी कमी बोलतो काय? सारे हासले. मी नाई हासली, बाई नाई हासल्या. घरी उतरल्यावर बाई एवढंच म्हणे, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळ अन् तूच बस तिच्याजवळ. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रोज सलाईनले नेली. ती झोपे ते पोतं जाळलं, ब्लीचिंगच्या पाण्यानं फरशी पुसली. अन् एका सकाळी ती वाटीतलं पाणी प्याली, मी तिथंच रडली.

मायले फोन केला. चिंगी वाचली म्हटलं, डंबा दिल्ता हे बी बोलून गेली. माय खूश. म्हणे, पाहलं, मांजरीले बी लागू पडला, धाकटीच्या बाळाचं पोट फुगलं हाय, उद्या आपण बी देऊ. मी म्हटलं, माय, डंब्यानं नाई वाचली, सलाईननं वाचली, डंब्यानं तर मरत होती. बाळाले हात नको लावजो, दवाखान्यात ने.

तर माय म्हणे, अन् तुले लहानपणी जे चटके दिले मी ते?

मी म्हटलं, तू काय मले माराले दिले होते? मले बी चिंगीले माराचं नव्हतं, माय.

मंग माय म्हणे, मले दवाखान्यातल्या डॉक्टरशी मराठीत बोलता येत नाई, तू फोनवर राह्यशील का?

राह्यली. तिकडचे डॉक्टर मराठीत विचारे, मी मायले आमच्या बोलीत सांगो. विळ्याचं त्याईनं विचारलं तवा पहिल्यांदा खरं सांगाले मले जड गेलं नाई, बाळाले डंबा नाई दिला म्हटलं. बाळ आता दूध पिऊन राह्यलं. चिंगीच्या पोटावर तेवढ्या जागी केस आले नाई. ती उन्हात उताणी झोपली का मी दुसरीकडं पाहते. बाईले समजते ते, त्या चिंगीले उचलून कुशीवर निजवतात. देव त्याईले सुखी ठेवो.