शिक्क्याच्या मागची बाजू

पाच वाजायला दहा मिनिटं होती. उघड्यावरच्या चित्रस्पर्धेचे, एका बाजूला संयोजकांचा शिक्का मारलेले कागद जमा करायच्या रांगेत माझ्यापुढे दोन बहिणी होत्या.

“ताई, शिक्क्याच्या बाजूला पूल अर्धाच आहे!”

“एक शहाणा पाठीमागे उभा राहून म्हणाला, ‘बाई, कमान बसकी झालीय.’ माझा हातच चालेना.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

“तासभर. मग डोकं फिरलं. त्याने आयुष्यात एक रेघ तरी ओढलीय का? कागद उलटा केला आणि मागे त्याचंच चित्र काढलं.”

“नाक झकास जमलंय. पण शिक्क्याच्या बाजूचंच चित्र घेतात गं!”

“कागद त्यांचाच आहे ना? कसे घेत नाहीत, बघतेच.”

टेबलामागच्या बाईंनी कागद दोनदा उलटसुलट केला आणि विचारायला आत मंडपात नेला. पाच वाजले, तेव्हा थोरली उत्तराची वाट बघत टेबलापाशीच उभी होती.