मायनस साडेअकरा नंबरचा माणूस

साक्षीदाराचे नाव: वेगळ्या मोहोरबंद पाकिटात. वय: ३४ वर्षे. धंदा: डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याची नोकरी. राहणार: आईसोबत, पत्ता त्याच पाकिटात.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील दवाखान्यात अकरा वर्षांपासून कामाला आहे. चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यांत थेंब घालणे व रुग्णांचे केसपेपर सांभाळणे ही माझी कामे आहेत. वडील वारले आहेत. आई घरी शिलाईकाम करते. घरात आम्ही दोघीच आहोत.

गेल्या सोमवारी दुपारी चारच्या सुमारास या गुन्ह्याचा तपास करणारे साहेब दवाखान्यात आले. साध्या कपड्यांत होते. मी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक छोटी पिशवी काढली. तिच्यात चष्म्याच्या भिंगाचा अर्धा तुकडा होता. खून झालेल्या तिसऱ्या बाईंच्या घरात शिलाई मशीनच्या पायाच्या पट्टीखाली तो सापडल्याचे त्यांनी सांगितले. तिन्ही बाया घरी शिवणकाम करणाऱ्या, दुपारी एकट्या असणाऱ्या होत्या, हे मी पेपरात वाचले होते. एकाही घराचे दार फोडलेले नव्हते.

मी तो तुकडा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. मायनस साडेअकरा, आणि वर तिरका नंबर पावणेतीन. असा नंबर हजारात एखाद्याचा असतो, असे मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "सतरा महिने मी या माणसाच्या मागे आहे. त्याचं नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. आज पहिल्यांदा त्याच्याबद्दल काहीतरी कळलं." त्यांनी मला आपला फोन नंबर लिहून दिला व कपाटातले केसपेपर पाहून कळवायला सांगितले. तुकडा पुन्हा खिशात ठेवताना त्यांचा हात खिशावर बराच वेळ होता.

त्याच संध्याकाळी मी कपाट पाहिले. या नंबरचे तीन कागद निघाले. पहिला एका गुरुजींचा, ते दोन वर्षांपूर्वी वारले. दुसरा एका मुलीचा, ती शिकायला परदेशी गेली आहे. तिसरा कागद मामांचा होता.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. आमच्याकडे वीस वर्षांपासून येतात. आई त्यांना भाऊ म्हणते, म्हणून मी मामा म्हणते. वडील गेले त्यानंतर चौथ्या दिवशी ते आले, मशीन खोलून पुसून तेलपाणी केले आणि आईला म्हणाले, "ताई, आता ही बंद ठेवू नका." आई त्या दिवसापासून पुन्हा शिवायला लागली. आमचे घर त्यावर चालले.

मंगळवारी साहेबांचा फोन आला. काही मिळाले का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "अजून बघतेय."

बुधवारी दुपारी चौथी बाई गेली.

हा भाग जबाबात घ्यायचा का, असे जबाब घेणाऱ्या अंमलदार बाईंनी मला विचारले. घ्या, असे मी सांगितले.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात आल्यावर मी पेपर वाचला. नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेबांना फोन लावला. तो लागला नाही. मग पोलीस ठाण्यात फोन करून, साहेबांनी मला लगेच फोन करावा, असा निरोप ठेवला. आईला फोन केला नाही. तिला काय सांगायचे ते मला सुचत नव्हते. संध्याकाळी समोर बसून सांगू, असे ठरवले.

अकरा चाळीसला मामा स्वतः दवाखान्यात आले. डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी दुसरीकडे गेले होते, ते दोनला यायचे होते. बाहेर एक आजोबा नंबर लावून बसले होते व झाडझूड करणाऱ्या मावशी होत्या. मामांच्या हातात नेहमीची हत्यारांची बॅग होती. डोळ्यांवर जुना चष्मा होता. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि उजव्या भिंगाला आडवा तडा होता. ते म्हणाले, "पोरी, काल चष्म्यावर पाय पडला माझाच. काही दिसेना झालंय. लगेच काहीतरी करून दे."

मी त्यांना आत तपासणीच्या खोलीत बसवले. त्या खोलीला खिडकी नाही. दिवा मालवला की फक्त समोरची अक्षरे दिसतात. मी दार अर्धवट उघडे ठेवले. ते म्हणाले, "लाव की, उजेड येतोय." मी दार लावले.

तपासताना माझे तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते. मी एकामागून एक भिंग घालून विचारत होते, हे बरं की हे बरं. ते सावकाश उत्तरे देत होते. मध्येच म्हणाले, "आत्ता तुमच्याकडूनच येतोय. ताईंनी बोलावलं होतं."

मी विचारले, "झाली का मशीन?"

"कुठली? अर्धी राहिली."

"आई काय करत होती?"

"काही नाही. शांत बसली होती."

माझ्या हातातले भिंग खाली पडले. ते फुटले नाही. मी ते अंधारात चाचपून उचलले. मामा म्हणाले, "हात गार पडलेत तुझे. काही खाल्लंस का सकाळपासून?"

मी त्यांना सांगितले की नंबर एकदम वाढलाय, त्यामुळे पडदा तपासावा लागेल, बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागतील. हे खोटे होते. थेंबांची गरज नव्हती. या थेंबांनी काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. आणि मामांना चष्मा नसला की हातभर अंतरावरचा माणूसही ओळखू येत नाही. त्यांनी तोंड वर केले. मी एका हाताने पापणी उघडून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. "वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं," असे सांगून मी ट्रेमधला त्यांचा चष्मा उचलला आणि बाहेर आले.

औषधे ठेवायच्या खोलीतून साहेबांना फोन केला. या वेळी त्यांनी उचलला. मी एवढेच म्हटले, "तो इथे बसलाय." त्यांनी कोण, का, काही विचारले नाही. म्हणाले, "किती वेळ धरून ठेवता येईल?" मी म्हटले, वीस मिनिटं. ते म्हणाले, "मला पंचवीस लागतील. त्याच्यासमोर रडू नका."

नंतर आईला फोन केला. घंटा पूर्ण वाजली. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. कोणी उचलला नाही. साहेबांना मी आमचा पत्ता मेसेजने पाठवला.

मी एका कागदावर 'आजोबांना घेऊन बाहेर जा, परत येऊ नका' असे लिहून मावशींना दिले. मावशींनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला गं." मग मी त्यांच्या कानात सांगितले. त्यांनी आजोबांचा दंड धरला व त्यांना फरफटत नेले म्हटले तरी चालेल. आजोबा दारातून ओरडत होते, "माझा नंबर आहे आता!"

आतून हाक आली, "पोरी, कोण गेलं गं?"

मी आत गेले नसते तर ते उठून बाहेर आले असते. म्हणून मी आत गेले. "आजोबा कंटाळून गेले," असे सांगितले. ते डोळे मिटून, बॅग मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "इथेच बस. डोळे मिटून एकट्याला करमत नाही." मी समोरच्या स्टुलावर बसले. दार माझ्या पाठीमागे होते.

पुढची सुमारे पंधरा मिनिटे आम्ही बोलत होतो. त्यांनी माझ्या लग्नाचे विचारले. आईचे गुडघे दुखतात, तिला पायाच्या मशीनऐवजी मोटारीचे घेऊन दे, असे सुचवले. मग म्हणाले, "कालचं वाचलंस का पेपरात? ताईला सांग, दार उघडताना बघत जा म्हणावं. दिवस वाईट आलेत." मी "हो मामा" म्हटले.

थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि माझे मनगट धरले. घट्ट नव्हते धरले. अंगठा नाडीवर होता. "केवढी धडधडतेय," ते म्हणाले. "माझा चष्मा कुठाय?"

"काडी बसवायला घेतलाय."

"आण तो."

"पाच मिनिटं राहिलीत, मामा."

"आण म्हटलं ना."

त्यांनी मनगट सोडले नाही. डोळे उघडले होते. माझ्या तोंडाकडे पाहत होते, पण नजर माझ्या कपाळाच्या बाजूला लागत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी बाहेर पावले वाजली. मामांनी विचारले, "कोण आलं?" मी म्हटले, "डॉक्टर आले." साहेबांनी दार उघडून खोलीतला मोठा दिवा लावला. तो उजेड सहन न होऊन मामांनी माझे मनगट सोडले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. चार जणांनी त्यांना धरले. त्यांनी झटापट केली नाही. मग साहेबांनी पंचांसमोर बॅग उघडली. पेचकस, तेलाची बुधली, सुया आणि कापड मोजायच्या चार टेपा निघाल्या. मशीन दुरुस्त करणाऱ्याला टेप लागत नाही. गेलेल्या बायाही चारच होत्या.

मी साहेबांना आईचे विचारले. आमच्या भागातली गाडी वाटेत अडकली असून अजून पोचलेली नाही, असे ते म्हणाले. मला त्यांनी एका महिला शिपायासोबत जीपमधून घरी पाठवले. बारा पन्नासला आम्ही पोचलो. आमचे दार नुसते लोटलेले होते, कडी नव्हती. महिला शिपाई बाई पुढे झाल्या, मला मागे थांबायला सांगितले. मी थांबले नाही.

आई मशीनसमोर पाठमोरी बसली होती. मान खाली होती. मशीनचे वरचे झाकण काढून बाजूला ठेवलेले होते. पावले ऐकून आई मागे न वळताच म्हणाली, "आलास का भाऊ? मिळाला चष्मा?"

ती मांडीवरच्या कापडाची उसवण काढत होती. फोन कापडांच्या ढिगाखाली होता, आवाज बंद होता. तिने सांगितले की भाऊ दहाला आला होता. त्याला सुईचे भोक दिसेना, म्हणून काम अर्धे टाकून चष्म्यासाठी गेला. तासा-दीड तासात परत येतो म्हणाला. आईला उठायला त्रास होतो, म्हणून कडी लावू नका, दार लोटून ठेवा, हेही त्यानेच सांगितले होते.

आई मला म्हणाली, "तू या वेळी घरी कशी?" मी तिच्या पायाशी खाली बसले. तिने महिला शिपाई बाईंना पाणी दिले आणि सांगितले, "थोडं थांबा, भाऊ येईलच इतक्यात."

माझा हा जबाब मला मराठीत वाचून ऐकवण्यात आला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात काही वाढवलेले अगर गाळलेले नाही, म्हणून खाली सही करते.