तीनच्या मालिकेची वेळ

गार्लंड: ...तिसऱ्यांदा सांगतोय, बाई. तो वादळाचा नकाशा कोपऱ्यात लावा आणि मालिका चालू करा. अख्खा पडदा कशाला गिळलाय तुम्ही लोकांनी?

नेवा: साहेब, मी नेवा. या टीव्ही केंद्रात मी फक्त फोन घेते. पडद्यावर काय दिसावं ते माझ्या हातात नाही. तुमच्याआधी साठ जणांनी हेच सांगितलंय. त्यातल्या एकाने तर माझ्या गाडीच्या काचा फोडायचा शब्द दिलाय.

गार्लंड: नुसत्या काचा? मी आलो ना, तर तुमच्या त्या चष्मेवाल्याला त्याच्याच नकाशात गुंडाळून पेटवून देईन.

नेवा: वेस्ली त्याचं नाव, हवामान सांगतो आमच्याकडे. या खुशाल, पण आज नको. डोबीच्या रस्त्यावर मुठीएवढ्या गारा पडतायत.

गार्लंड: डोबीला ना? डोबी इथून तीस मैल. आमच्याकडे झाडाचं पान हलत नाहीये. तीन वाजून बारा मिनिटं झाली, बारा मिनिटं तो माणूस नुसते हात नाचवतोय!

ओलेटा: कुठंय ती? निळ्या झग्यातली? काय केलंस तिचं, चोरा?

गार्लंड: काही नाही केलं, आई. येईल आत्ता. तू बस. ते खाली ठेव. आई, खाली ठे... आऽऽ!

नेवा: काय झालं? साहेब?

गार्लंड: रिमोट. कानशिलात हाणला. रक्त आलं बघा.

नेवा: आईनं?

गार्लंड: त्र्याऐंशी वर्षांची आहे. हाताची काडी झालीय, पण घाव बसतो तो बरोबर बसतो. आता कळलं मी का बोंबलतोय? डोकं गेलंय हो तिचं. दिवसभर मी चोर, मी भाडेकरू, मी कुणीतरी मेलेला. पण तीन वाजता ती मालिका लागली की एक तास ती माणसात येते. मला शेजारी बसवते. कोण कुणाला फसवतंय ते समजावून सांगते. तो तास गेला, की रात्रीपर्यंत मी मार खातो. काल जेवायच्या काट्याने दंडात भोसकलं.

नेवा: दुसरं कुणी नाही घरात?

गार्लंड: बहीण आहे टल्साला. नाताळाला टोपी पाठवते.

ओलेटा: कुणाशी बोलतोयस? पोलिसांना सांगतोयस ना? सांग! सांग त्यांना तू माझी भांडी विकलीस!

गार्लंड: आई, टीव्हीवाल्या बाईंशी बोलतोय. तुझ्या मालिकेसाठीच.

ओलेटा: दे इकडे. ए बाई! तो चष्मेवाला मेला माझ्या खोलीत काय करतोय? बाहेर काढ त्याला. त्याच्या बापाची खोली आहे का?

नेवा: काढते हं, आजी. पाच मिनिटं.

ओलेटा: आजी कुणाला म्हणतेस? मी ओलेटा. आणि मला पाच मिनिटं सांगू नकोस, मला सगळ्यांनी जन्मभर पाच मिनिटंच सांगितली.

गार्लंड: दे फोन, आई. ...बाई, तुमच्या साहेबाला विचारा, दहाच मिनिटं दाखवता येईल का. तिला जरा शांत करतो, मग घाला तुमचा गोंधळ.

नेवा: विचारते. तुम्ही कुठून बोलताय म्हणालात?

गार्लंड: लोन एल्म. कापसाच्या जुन्या गिरणीच्या मागे.

नेवा: लोन एल्म? ...टीव्हीचा आवाज चालू आहे का तुमच्याकडे?

गार्लंड: बंद केलाय. त्याचा आवाज आला की ही भांडी फेकते.

नेवा: चालू करा. आत्ताच्या आत्ता.

गार्लंड: का?

नेवा: कारण वेस्लीने डोबीचं वादळ सोडलं आणि तुमच्या गावावर बोट ठेवलंय. डोबीवालं विरलं. त्याच्या दक्षिणेला दुसरं उभं राहिलंय. नवीन. नकाशावर लाल नाही, पार जांभळं दिसतंय ते.

गार्लंड: बाई, इथे वारासुद्धा नाही.

नेवा: म्हणूनच सांगतेय. आकाश कसलं आहे? खिडकीतून बघा.

गार्लंड: ...हिरवं. शेवाळलेल्या टाकीसारखं. आणि पाखरं गप्प झालीत. शेजारच्या हॅटफिल्डची गुरं कुंपणाला चिकटून उभी आहेत सगळी.

नेवा: तळघर आहे?

गार्लंड: अंगणात. स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलं. आजोबांनी खणलेलं.

नेवा: मग आईला घ्या आणि निघा.

गार्लंड: ती नाही यायची.

नेवा: सांगून बघा.

गार्लंड: आई, चल. वादळ येतंय. खाली जाऊ.

ओलेटा: कुठं खाली?

गार्लंड: तळघरात. थोडा वेळ.

ओलेटा: मी काय केलं? मी काही बोलले का? मी गप्प बसले होते!

गार्लंड: तू काही नाही केलंस, आई...

ओलेटा: हात लावू नकोस! कढई घालीन डोक्यात!

गार्लंड: बघितलंत? ...अरे देवा. दिवे गेले. टीव्ही गेला.

नेवा: भोंगा ऐकू येतोय का गावातला?

गार्लंड: आत्ता सुरू झाला.

नेवा: ऐका, आता टीव्ही नाही, तर मी सांगते. माझ्यासमोर पडदा आहे. आमचा माणूस गाडी घेऊन तिथेच फिरतोय, त्याच्या कॅमेऱ्यात दिसतंय. ढगातून वादळाची सोंड खाली आलीय... टेकली. जमिनीला टेकली. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे.

गार्लंड: कुठली टाकी? गावाचं नाव लिहिलेली?

नेवा: हो. आणि आता... आता टाकी दिसत नाही.

गार्लंड: धूळ असेल.

नेवा: धूळ नाही, साहेब. टाकी नाहीये. तुमचं नाव काय?

गार्लंड: गार्लंड.

नेवा: गार्लंड, टाकीपासून तुमचं घर किती लांब?

गार्लंड: अडीच मैल.

नेवा: म्हणजे चार मिनिटं. फोन मोठ्या आवाजावर टाक आणि आईच्या जवळ धर. ...ओलेटाबाई! मी टीव्हीतून बोलतेय. तुमची मालिका सुरू झालीय बरं का. तळघरात लावलीय खास तुमच्यासाठी. ती निळ्या झग्यातली आलीय. चला बघू पटकन.

ओलेटा: खोटं बोलतेस. खाली टीव्ही नाही.

नेवा: आजच बसवलाय.

ओलेटा: खाली काहीसुद्धा नाही. बटाटे आहेत आणि अंधार आहे. बक बाहेरून कडी लावतो. मी ओरडले की अजून एक रात्र ठेवतो.

नेवा: ...गार्लंड, बक कोण?

गार्लंड: माझा बाप. मरून बावीस वर्षं झाली.

नेवा: तो यांना कोंडायचा?

गार्लंड: भाजी खारट झाली तर. चर्चमध्ये कुणाशी हसून बोलली तर. मी आणि बहीण पलंगाखाली कान दाबून पडायचो. म्हणून सांगतोय ती नाही यायची. मीच तिला तिथे कसा नेऊ? त्याच दारातून? मी इथेच थांबतो तिच्याजवळ. न्हाणीघरात टबमध्ये बसू, अंगावर गादी घेऊ...

नेवा: टब नको! वेस्ली ओरडून सांगतोय, जमिनीवर कुणी वाचणार नाही यात, जमिनीखालीच जा. अर्धा मैल रुंद झालीय ती. गिरणीच्या दिशेने सरकतेय. तुला आवाज येत नाही का?

गार्लंड: येतोय. मालगाडी आल्यासारखा. पण इथे रूळच नाहीत.

नेवा: मग उचल तिला!

गार्लंड: मारतेय ती...

नेवा: मारू दे! ओढ तिला, गार्लंड. केस धरून ओढ, पाय धरून ओढ. मी सांगतेय ना? पाप माझ्या डोक्यावर. ओढ!

गार्लंड: आई, ये. ये म्हणतो ना! आऽ... कढई... सोड ती!

ओलेटा: बक, नको! बक, मी जेवण पुन्हा बनवते. बक, मुलं बघतायत!

गार्लंड: मी बक नाही! मी गार्लंड आहे, आई! चौकट सोड. चौकट सोड, आई!

नेवा: खिडकीपासून लांब जा. कुठे आहात?

गार्लंड: दारात. तिने चौकट धरलीय दोन्ही हातांनी. सुटत नाहीत बोटं. हॅटफिल्डचं छप्पर... बाई, हॅटफिल्डचं अख्खं छप्पर वर गेलं!

नेवा: ओढ!

ओलेटा: आईऽऽ गं!

गार्लंड: मोडलं. काहीतरी मोडलं. माझ्या हातात कट्‌कन मोडलं. देवा, हात लोंबकळतोय तिचा.

नेवा: थांबू नकोस. वीस पावलं. घे खांद्यावर.

गार्लंड: पत्रे उडतायत... दिसत नाही... आई, तोंड दाब माझ्या मानेत... हं. कडी. कडी उघडली. खाली... जा खाली!

ओलेटा: कोंडू नकोस रे! पाया पडते!

नेवा: दार लावलंस?

गार्लंड: ओढतंय! वारा दार ओढतोय! मी लटकलोय त्याला... नेवाबाई, माझे पाय जमिनीवर नाहीत...

नेवा: धरून ठेव. सोडू नकोस. धरून ठेव. ...गार्लंड? गार्लंड! ...कुणीतरी वेस्लीला सांगा रे, गिरणीच्या मागचं घर! तिथे दोघं आहेत! गार्लंड?

(अकरा दिवसांनी. नेवाच्या टेबलावरचा तोच फोन.)

नेवा: बोला. मालिका आजपासून वेळेवर दाखवतोय, तक्रार असेल तर...

गार्लंड: तक्रार नाही, नेवाबाई. मी लोन एल्महून. गार्लंड.

नेवा: ...अरे मेल्या. अरे, अकरा दिवस! दवाखान्यांत फोन केले. गेलेल्यांची यादी तीनदा वाचली मी, बोट ठेवून एकेका नावावर.

गार्लंड: फोन तिथेच कुठेतरी उडाला. हा नवीन घेतलाय.

नेवा: आई?

गार्लंड: आहे. दवाखान्यात. हात कोपराच्या वर दोन ठिकाणी मोडलाय, सळई घातलीय. या वयात जुळेल की नाही, सांगता येत नाही म्हणाले.

नेवा: आणि तू?

गार्लंड: दोन बोटं गेली उजव्या हाताची. दाराच्या फटीत होती. दार धरलं मात्र शेवटपर्यंत. हॅटफिल्ड नवरा-बायको दोघंही गेले. टबमध्येच सापडले, गादीखाली. त्यांची गाय जिवंत आहे, मी धार काढतोय तिची. उरलेल्या आठ बोटांनी.

नेवा: आई ओळखते?

गार्लंड: मी खोलीत गेलो की भिंतीकडे सरकते. नर्सला सांगते, हा माझा नवरा, याने मोडला हात, याला बाहेर ठेवा. म्हणून मी बाहेर बाकावर बसतो. तीन वाजता नर्स टीव्ही लावते तेव्हा दार किलकिलं ठेवते. तिथूनच बघतो मी मालिका.

नेवा: जाईल रे ते डोक्यातून.

गार्लंड: तिच्या डोक्यातून बाकी सगळं गेलं, हेच राहिलं. ...नेवाबाई, मी कामासाठी फोन केलाय. जिल्ह्याची एक बाई आलीय चौकशीला. म्हाताऱ्या माणसांना घरचे मारहाण करतात, त्या खात्याची. हात पिरगळून मोडलेला आहे, असं क्ष-किरणात दिसतं म्हणे. निकाल लागेपर्यंत मी आईजवळ एकटा थांबायचं नाही, असं कागदावर दिलंय.

नेवा: अर्ध्या गावाची हाडं मोडली त्या दिवशी! पायऱ्यांवरून पडली म्हणायचंस. कोण विचारणार होतं?

गार्लंड: डॉक्टरनेही तेच सुचवलं. पडली असेल ना, म्हणाला, आणि पेन टेकवून थांबला. मी फक्त हो म्हणायचं होतं.

नेवा: मग?

गार्लंड: माझ्या लहानपणी ती दर महिन्याला पडायची, नेवाबाई. जिन्यावरून, ओसरीवरून, गोठ्यात. बाप डॉक्टरला सांगायचा, डॉक्टर लिहायचा. मी शेजारी उभा असायचो. म्हणून या वेळी मी म्हटलं, ती पडली नाही, मी मोडला. लिहा.

नेवा: ...आणि लिहिलं त्यांनी?

गार्लंड: लिहिलं. आता ती बाई विचारते, दुसरं कुणी होतं का तिथे? मी म्हटलं, एक बाई होत्या. फोनवर. तुम्हाला अडकवायचं नाहीये मला. तुम्ही नाही म्हणालात तरी...

नेवा: ओढ म्हणून कोण ओरडलं होतं?

गार्लंड: तुम्ही.

नेवा: केस धरून ओढ, असंही म्हणाले होते. तेही सांगेन. कधी आहे चौकशी?

गार्लंड: शुक्रवारी, दहाला. फोनवरून सांगितलंत तरी चालतं म्हणाल्या.

नेवा: फोनवरून पुष्कळ झालं. मी येते.

गार्लंड: अहो, दोन तासांचा रस्ता आहे. आणि बसायला म्हटलं तर घर नाही आमच्याकडे. नुसतं जोतं उरलंय.

नेवा: मग जोत्यावर बसू. कॉफी मी आणते.