चालू राजा

— हात वर कर, नागनाथ. तसा नाई रे, चोरासारखा. राजा आहेस तू औंदा. हां, अस्सा. छाती नको फुगवू, माप खोटं येते. तुहा बापबी असाच फुगवे, टेप लावला का. मंग अंगरखा ढिल्ला होये अन शिव्या मले. छत्तीस. बाप छत्तीस, पोरगा छत्तीस — घ्या, रामाजी टेलरची मेहनतच वाचली! नुसतं उसवलं का झालं. हे पाय, हाच तो अंगरखा. अकरा वर्सं मी घातला, पन मूळचा तुह्या बापाचाच. मी बत्तीसचा मानूस, म्हून दोन्ही बाजूनं आत घेतला होता. उसवला सकाळीच. बोट लावून पाय, दुमडलेली मखमल कशी नवी कोरी आहे, अन वरची पाय कशी रंग उडून इटली. काऊन कापली नाई? अरे, दुसऱ्याचा कपडा कोन कापते बाप्पा? दुमडाव, कापू नोको. मागनारा कवा दारात उभा राहीन, सांगता येते का? घाल. बाही हळू, टाचन्या आहेत.

वळ. पाठ दाखव. हो, मले काढलं ना राजा म्हून! राग कायचा त्यात? समोरचे दोन दात गेले. मागच्या साली 'सिंहासन' म्हनलो अन अशी सिट्टी वाजली का पुढच्या रांगंतलं कुत्रं उठून स्टेजवर आलं. शेपटी हालवत! नाटक आहे रडन्याचं, अन लोकं पोट धरून लोळले. मंडळीनं ठरवलं — औंदा राजा नागनाथ, अन रामाजीनं विंगेत उभं राहून वही धराव. पहिले नऊ वर्सं वहीच धरली होती मी, तुहा बाप राजा होता तवा. जिथून निघालो तिथंच आलो पाय, घान्याच्या बैलावानी.

नाटक तर तुले पाठच असन. तरी एक सांगतो, तुमी हापिसातले लोक पाठ करता अन समजून घेत नाई. तो राजा मुळात राजा नाई. प्रधान आहे. खऱ्या राजाची नाव पुरात निघते, अन हा आदल्या दिशी तिची फळी ढिल्ली करून ठेवते. काऊन? गादी पायजे. बरं, गादी भेटली, झेंडे लागले, अन मंग याले पानीच पेता येईना! लोटा तोंडाशी नेला का आत त्या बुडाल्याचं तोंड. तहानेनं तडफडते, पन घोट गिळत नाई. शेवटी भर दरबारात लोटा हातात घेऊन म्हनते — 'ती नाव मीच बुडवली.' बस, एवढंच. त्या एका वाक्यासाठी जत्रेले पाच गावचे लोक येतात, पेनगंगेच्या तिकडचेबी येतात. अन तुहा बाप काय करे — वाक्याच्या आदी थांबे. लोटा असा ओठापाशी, अन गप. इतका गप का बायांच्या कडेवरचे लेकरंबी रडनं ईसरत. मी आजलोक नाई पाह्यलं तसं थांबनारा मानूस. मीबी थांबून पाह्यलो, अकरा वर्सं. मी थांबलो का लोकं खोकत.

पुढची गोष्ट तुले माहीतच आहे. तू लहान होता, पन सारं गाव सांगते. तुहा बाप थांबला, मले वाटलं अटकला, मी विंगेतून म्हनलो — 'चालू!' म्हंजे बोल, पुढं चाल. अन तुही आजी पेनगंगेपल्याडची, निर्मल गावाकडची, घरात अर्धं तेलगू. तेलगूत चालु म्हंजे पुरे! तुह्या बापानं आयकलं — पुरे. त्याले वाटलं आत काई झालं, पडदा पाडाचा असन. ठेवला लोटा खाली अन आला निंघून. राजा कबुली न देता सुटला! लोकं हासले रे, काय हासले. मंग पोट्टे त्याच्या गाडीमागं पळत — 'चालू राजा! चालू राजा!' बजारात जाव तं 'चालू राजा आले'. विमलबाईनं, तुह्या मायनं, दोन पोट्ट्यायले चपलीनं हानलं. पन तोंडं थोडी बंद होतात? तवापासून तुह्या बापानं तोंडाले रंग लावला नाई. जत्रेच्या दिशी शेतात जाऊन बसते, आवाजबी येऊ नाई इतक्या दूर. अन नाटक तं थांबत नाई ना कोनासाठी? वाक्यं मलेच पाठ होते सारे. गावानं म्हनलं रामाजी, तूच हो राजा. मी नाई म्हनलो, दोनदा. तिसऱ्यांदा म्हनले, मंग काय करता.

ते शब्दाचं नशीब, बाप्पा. मी कपडा कापनारा मानूस, मले कुठं तेलगू येते? ... येते म्हंजे, बजारापुरतं. तुह्या आजीनं मातर एक शब्द शिकवला होता, हासशीन तू. लहानपनी मी तुमच्या घरी जेवाले बसलो. चिंचेचा सार अन भात, वाह! आजी वाढता वाढता पुसे — 'चालु?' मले वाटलं इचारून राह्यली, वाढनं चालू ठेवू का? मी म्हनलो, 'हो हो, चालू!' तिनं वगराळं उचललं अन गेली चुलीपाशी! मी उपाशी, अन तुहा बाप हासून हासून पत्रावळीवर आडवा. मंग त्यानंच अर्धा भात मले देल्ला. म्हने, रामाजी, आमच्या घरी 'चालु' म्हनू नोको, मरशीन. जलमात नाई इसरलो मंग तो शब्द, जेवनाचा मामला ना —

काय पायतं असा? दंड खाली कर. खाली कर म्हनलो ना.

बरं. आता तू हापिसातला, हिशेब करशीन. म्हनशीन, काका, तुमाले शब्द माहीत होता. होता. म्हनशीन, नऊ वर्सं वही धरली, कोनी अटकलं तं काय म्हनत होते? 'पुढं' म्हनत होतो. दर वेळी 'पुढं'. अन तुहा बाप अटकत नव्हता, हेबी मलेच सगळ्यात जास्त माहीत होतं. झालं? त्या दिशी मी विंगेत उभा, समोर त्याची पाठ, थांबलेली. सारा मंडप श्वास धरून. अन हाच अंगरखा, माह्या हातचा, एक सुरकुती नाई पाठीत. माह्या मनात आलं — मले हा दोन्ही बाजूनं दोन-दोनच इंच आत घ्यावा लागन. बस, तेवढंच आलं मनात. अन तोंडातून शब्द गेला.

पन मी सांगितलं नाई असं नाई हं! दर जत्रेले सांगितलं. लोटा हातात घेऊन, पाच गावासमोर — 'ती नाव मीच बुडवली.' लोकं टाळ्या वाजवत. याच्याहून मोठ्यानं मानसानं कसं सांगाव? माही बायको भागीरथा म्हने, तुमच्या डोळ्यात खरं पानी येते जी. मी म्हनो, रंग गेला डोळ्यात. घरात बायकोले नाई सांगता आलं, अन स्टेजवर अकरा वेळा सांगितलं. लाज वाटते रे मले. तुह्या बापासमोरून जातानी मी आजबी सायकल जोरात मारतो.

तं औंदा तू थांब. पायजे तितकं थांब, खोकू दे कोनाले खोकाचं तं. मी वही मिटून काखेत ठेवीन, तोंडात सुपारी धरीन. अन बापाले म्हनाव, पहिल्या रांगंत बसा. मी बोलवलं म्हनू नोको — म्हन, अंगरखा उसवला, कपडा कापलेला नाई. त्याले समजन. का नाई समजनार? समजन ना, नागनाथ? एवढा येळ मीच बडबडून राह्यलो, तू काईतरी —

काय? काय म्हनला?

चालू?

कोनता चालू, बाप्पा? सांगत राय म्हनतं, का पुरे म्हनतं? ... का मलेच म्हनून राह्यला, चालू मानूस म्हून?

अरे, कुठं चालला? घर इकडं आहे, तो रस्ता शेताचा — बाप कापसाच्या वेचनीवर आहे म्हून? अरे, टाचन्या तं काढू दे, बोचतीन! उन्हात मखमल इटते रे! अंगरखा तरी —

बरं. ने. त्याचाच आहे.